आधीची शिफ्ट

"याला शिट्टी नाही," फोरमन म्हणाला. "माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

ओट्यावर विजेचा नवा कुकर बसला होता. ठेवला होता असं म्हणणं बरोबर होणार नाही. तो बसलाच होता. पोट सुटलेलं, अंगावर तकाकी, छातीवर बटणांची रांग आणि चेहरा नव्याने बदलीवर आलेल्या साहेबासारखा, म्हणजे कोणाशीही न बोलणारा. त्याच्यासमोर फोरमन हात मागे बांधून उभा होता.

"बसा की हो जरा," बायको म्हणाली. ती टेबलापाशी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. "तुम्ही उभे राहिल्याने भात काय लवकर होणार आहे?"

"प्रेशरचं काम आहे. उभ्यानेच करावं लागतं."

"आणि बसून केलं तर?"

"स्फोट."

"अगंबाई," ती शांतपणे म्हणाली, आणि एक खडा उचलून तिने वाटीत टाकला.

फोरमन कधीच फोरमन नव्हता. कापड रंगवायच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत बॉयलरच सांभाळत होता. पण टाकीवरचा पंप कसा चालवावा, जिन्यातून कोणत्या बाजूने उतरावं, छत्री कशी मिटावी यावर तो बिल्डिंगमध्ये सर्वांना न विचारता सूचना द्यायचा. त्यामुळे कंपनीने दिली नाही ती बढती बिल्डिंगने दिली. पगारवाढीचा प्रश्न नसल्यामुळे ती पुढे कुणी परतही घेतली नाही.

"बॉयलरला दाब दाखवणारं घड्याळ असतं," तो कुकरकडे बघत म्हणाला. "पाणी किती आहे ते दाखवायला काचेची नळी असते. लांबून एक नजर टाकली की पोटात काय चाललंय ते कळतं. आणि हा बघ. आत काय शिजतंय त्याचा पत्ता लागू देत नाही. अगदी आपल्या जावयासारखा."

"जावई चांगला आहे."

"वाईट कुठे म्हटलं मी? काचेची नळी नाही, एवढंच म्हटलं."

बायको हसली. तिचं हसणं अजून होतं तसंच होतं. बाकीचं एकेक करून जात होतं.

त्याला सगळ्यात विचित्र वाटायचं ते कुकरच्या आतलं सुटं भांडं. तांदूळ आणि पाणी त्या भांड्यात घालायचं, भांडं कुकरमध्ये बसवायचं, झाकण फिरवायचं, बटण दाबायचं. त्यांच्या मुलीने, बेबीने, हे सगळं त्याला करून दाखवलं होतं, आणि जाताना जिन्यातून पुन्हा ओरडून सांगितलं होतं. त्याला ते पाठ होतं. पटलं मात्र नव्हतं. बॉयलरच्या पोटात कोणी पातेलं ठेवतं का?

कुकर टीं टीं वाजला.

"कुणाचा फोन हो?" बायकोने विचारलं.

"भाताचा."

"काय म्हणतोय?"

"झालो म्हणतोय."

हे संभाषण त्यांच्यात रोज व्हायचं. बायको दर वेळी ते पहिल्यांदाच करायची. फोरमनने त्यात कधी एक शब्द बदलला नाही.

कुकर घरात आला त्याला कारण दुधाचं पातेलं. बायको ते गॅसवर ठेवून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली आणि कपडे वाळेपर्यंत तिथेच थांबली. धूर जिन्यात गेला, जिन्यातून शेजाऱ्यांकडे, आणि शेजाऱ्यांकडून फोनवर बेबीकडे. बेबी म्हणजे केस पिकू लागलेली, एका मोठ्या शाळेची उपमुख्याध्यापिका. तिच्या समोर उभं राहून पोरंच काय, पालकही बोटांची नखं लपवत. पण घरात ती बेबीच. ती त्याच संध्याकाळी आली. गॅस बंद करून, शेगडी आणि सिलिंडर उचलून नेण्याची व्यवस्था तिने केली. आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. उपाय नव्हता, म्हणून नाव लांब होतं. हे आता वाढत जाईल, असंही ते म्हणाले, आणि एवढं सांगितल्याबद्दल सगळ्यांनी त्यांचे आभार मानले.

मग कुकर आला, आणि कुकरच्या मागोमाग बेबीचा फोन.

"बाबा, गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे. मी बघून आले. स्वच्छ आहे. डॉक्टर येतात रोज. बायकांच्या विभागात एक जागा झालीय."

"जागा झाली म्हणजे काय झालं?"

जागा कशी होते ते दोघांनाही ठाऊक होतं.

"आणि पुरुषांच्या?"

"पुरुषांचा विभाग नाही तिथे."

"मग काय उपयोग?"

"बाबा, तुम्हाला एकट्याला आईचं सगळं जमतंय का, हा प्रश्न आहे. मी रविवारी येते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहते. काही बोलणार नाही, नुसती बघणार. जमत असेल तर राहा दोघं. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"म्हणजे इन्स्पेक्शन."

"बाबा, मी जेवायला येतेय."

"बॉयलरचे इन्स्पेक्टरही जेवूनच जायचे," फोरमन म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो बायकोकडे बघत राहिला. ती तांदूळ निवडत होती. तांदूळ कालचेच होते. बाजारात आता स्वच्छ तांदूळ मिळतात, त्यात खडा म्हणून सापडत नाही. पण तिला ताट पुढे नसलं की ती घरभर काहीतरी शोधत फिरायची, आणि ताट असलं तरी खडा सापडेना झाला की हात थरथरायला लागायचे. म्हणून फोरमनने एक युक्ती काढली होती. तिने वाटीत काढलेले खडे तो तिची पाठ वळली की तांदळात परत मिसळायचा. दुसऱ्या दिवशी ती तेच खडे नव्याने शोधायची. कारखान्यात त्याने याहून निरर्थक कामं पगार घेऊन केली होती.

एवढं सगळं तो करायचा. ते लिहिल्यावर दुसरंही लिहायला हवं.

कारखान्यात एक रीत होती. शिफ्ट बदलताना काही बिघडलेलं आढळलं, व्हॉल्व्ह गळतोय, कोळसा ओला आहे, मोजणीचा काटा अडकलाय, की नवा माणूस म्हणायचा, आधीच्या शिफ्टचं काम. आधीच्या शिफ्टचा माणूस तोवर घरी जाऊन झोपलेला असायचा. तो उत्तर द्यायला हजर नसायचा, त्यामुळे वाद व्हायचा नाही. त्याची शिफ्ट आली की तो त्याच्या आधीच्या शिफ्टवर टाकायचा. असं करत करत चूक कारखान्यात गोल फिरत राहायची, कोणाच्याच घरी जायची नाही. साहेबांनाही हे ठाऊक होतं. चालत्या कारखान्याला अशी एखादी सोय लागतेच.

घरी, अलीकडे, फोरमनला तशीच सोय झाली होती.

डाळीत मीठ दोनदा पडलं. हिचंच काम. मोरीतला नळ चालू राहून पाणी पॅसेजपर्यंत आलं. हिचंच. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. हिचाच उद्योग, दुसऱ्या कोणाचा असणार? चष्मा त्याचा होता, पण ते सोडा. बाहेरचं दार सकाळी सताड उघडं मिळालं. आता काय बोलायचं. आणि प्रत्येक वेळी बायको थोडा वेळ विचार करायची, आणि आठवत काहीच नसल्यामुळे मान हलवायची. "असेल बाई, माझंच असेल." ती समोरच बसलेली असायची, पण उत्तर द्यायला हजर नसायची.

यातलं कुठलं तिचं आणि कुठलं त्याचं, हे फोरमनने कधी तपासलं नाही. कारखान्यातही तपासत नसत.

रविवारी तो पहाटेच उठला. लादी पुसली. औषधांचा डबा दिसेल असा ठेवला. बायकोला धुतलेले कपडे काढून दिले. कुकरचं आतलं भांडं त्याने एवढं घासलं की त्यात छताचा पंखा दिसायला लागला, आणि इन्स्पेक्टरच्या नजरेत यावं म्हणून ते रॅकवर, सगळ्यात वर, पालथं ठेवलं.

बेबी आली. काही बोलणार नाही म्हणाली होती आणि खरंच बोलली नाही. तिने फ्रिज उघडला, बंद केला. मोरीतला नळ फिरवून बघितला. औषधांचा डबा हातात घेऊन हलवला, जणू आतल्या गोळ्या हजेरी देणार होत्या. गादीखाली हात घालून चादर कोरडी आहे ना पाहिली. शेवटी रॅकवरच्या भांड्यावरून बोट फिरवलं.

"छान ठेवलंय की बाबा."

फोरमनच्या छातीवरचा दाब एकदम उतरला.

"जेवायला काय करताय?"

"भात, डाळ, बटाटे. सगळं ह्याच्यात. एकामागून एक."

"मी करू मदत?"

"बॉयलरवर एकाच माणसाने हात ठेवायचा असतो."

"बरं बाई. मी तोवर आईचे केस विंचरते." तिने आईच्या मानेवर हात ठेवला. "तेल कुठाय गं, आई?"

"होतं की इथे," आई म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली.

"संपलंय," फोरमन म्हणाला. तेल संपलं नव्हतं. कुठे आहे ते त्याला आठवत नव्हतं.

"मी खालून घेऊन येते," बेबी म्हणाली. "आलेच."

ती गेली आणि फोरमनने ठरवलं, की ती परत येईपर्यंत कुकर चढलेला दिसायला हवा. इन्स्पेक्टरने जिना चढून यावं आणि काटा जिथे हवा तिथेच असावा, यासारखं समाधान नाही. त्याने तांदूळ पातेल्यात घेतले, धुतले, निथळले. कुकरचं झाकण फिरवून काढलं.

"अहो," बायको म्हणाली.

"आत्ता नको."

"अहो, ते..."

"थांब गं जरा. प्रेशरचं काम आहे."

ती थांबली. फोरमनने तांदूळ ओतले. कपाने मोजून पाणी ओतलं. मग, उभ्या आयुष्यात एकदाही चुकवलं नव्हतं ते त्याने केलं: आग लावण्याआधी वाकून पाणी बघितलं. पाणी होतं. पाण्यात काही कसूर नव्हती. भांडं तेवढं नव्हतं.

त्याने झाकण लावलं, बटण दाबलं आणि हात मागे बांधले.

आधी एक वास आला, तापलेल्या इस्त्रीवर कोणी थुंकल्यासारखा. मग कुकरच्या पोटात तड् असा आवाज झाला. छाती फुटेल असा वगैरे नाही. एखाद्या सभ्य माणसाने रुमालात शिंकावं तेवढाच. आणि पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळं घर एकदम ऐकू येईनासं झालं. कुकरखालून पांढुरकं पाणी निघालं आणि ओट्यावरून थेंब थेंब खाली पडू लागलं. त्यात तांदळाचे दाणेही होते.

दारात बेबी तेलाची बाटली घेऊन उभी होती.

तिने आधी मीटरपेटीपाशी जाऊन खटका बंद आहे ना पाहिला, मग प्लग काढला, मग झाकण काढलं. शाळेत आग लागली तर काय करायचं ते तिला पाठ असावं. आत बघितलं. मग रॅककडे बघितलं. रॅकवर भांडं पालथं चमकत होतं.

"भांडंच नाहीये आत," ती म्हणाली. "तारांवर ओतलंय पाणी. हात लागला असता कुणाचा तर? कोणी ओतलं हे?"

फोरमनने तोंड उघडलं. काय बोलणार होता ते त्याला पुढे कधी नक्की सांगता आलं नाही. त्याचे डोळे तेवढे सवयीने टेबलाकडे गेले.

नुसते गेले. बोट दाखवलं नाही, शब्द नाही. पण बायकोने ती नजर बघितली. तिने रॅककडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. ताटातला हात तिने झटकला.

"मी ओतलं गं, बेबी," ती म्हणाली. "मला वाटलं, यात असंच घालायचं असतं."

"आणि बटण?"

"तेही मीच दाबलं असेल."

"बाबा, तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होतो," फोरमन म्हणाला. "जरा लक्ष चुकलं."

दोन्ही वाक्यं खरी होती. कारखान्याच्या अपघात-रिपोर्टातलीही सगळी वाक्यं खरीच असत.

बेबी मोरीत गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने ओटा पुसला, जमीन पुसली, दाणे वेचले. जेवायला खालून पाव आणि केळी आणली. आईला पाव फार आवडला. "रोज असाच करत जा हो," ती फोरमनला म्हणाली.

निघताना बेबीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही खूप केलंत बाबा. पण आता नाही जमणार. तुम्ही तरी कुठे कुठे पुरे पडणार?"

तेव्हा बोलायला वेळ होता. जिना होता, दोन मजल्यांचा, आणि बेबी सावकाश उतरत होती. फोरमन कठड्याला धरून उभा राहिला. मी ओतलं म्हणालो तर काय होईल, याचा त्याने हिशेब मांडला: माझ्याऐवजी आईला सांभाळायला ही घरी दुसरा माणूस ठेवेल का? नाही. दोघांचंही डोकं गेलं म्हणेल. घराला कुलूप लागेल, ती तिकडे, मी आणखी कुठे. त्यापेक्षा एकाने तरी ड्यूटीवर राहावं. हिशेब चोख होता. फक्त तो इतक्या झटपट जमला, की त्याचा त्यालाच संशय आला. तोवर खाली गाडी सुरू झाली होती.

बायको वृद्धाश्रमात गेली त्या सकाळी बेबीने तिची बॅग भरली. आई खुर्चीत बसून स्वतःच्याच बॅगेकडे पाहुणीची असावी तसं कौतुकाने बघत होती.

"कोण चाललंय?"

"तू, आई. थोडे दिवस. तिथे बागही आहे."

"आणि हे?"

"ते येतील भेटायला."

"त्यांना जेवायला कोण घालील?"

"ते करतात ना सगळं. कुकरही दुरुस्त करून घेतील."

आईने यावर विचार केला. दारातून बाहेर पडताना ती फोरमनकडे वळली आणि घरातल्या माणसाला आपण बाजारात निघालो की सांगतो तसं म्हणाली, "तांदूळ निवडून ठेवलेत हो."

पुढचे काही दिवस फोरमनने पाव खाल्ला. मग कुकर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुकान म्हणजे एक टेबल, आणि त्या टेबलावर पोटं उघडून पडलेले मिक्सर, इस्त्र्या, पंखे. दुरुस्तीवाला तोंडात स्क्रू धरून बोलत असे, त्यामुळे तो सगळ्यांवर रागावल्यासारखा वाटायचा. त्याने कुकर उलटा केला. खालून वाळलेला भात पडला.

"भांडं न घालता ओतलं ना काका?"

"तुला कसं कळलं?"

"दर महिन्याला येतात असे. लोकांच्या हाताला साध्या पातेल्याची सवय असते. डोकं दुसरीकडे असलं की हात जुन्या रस्त्याने जातो." त्याने तोंडातला स्क्रू काढला. "माझ्या आईने केलं, बायकोने केलं. बायकोला नको नको ते बोललो. पुढच्या आठवड्यात मी स्वतः केलं. माझं तर दुकान याचं."

"म्हणजे... डोकं ठिकाणावर असलेली माणसंही करतात?"

"तीच करतात काका. ज्यांचं ठिकाणावर नाही त्यांच्या हातात घरचे कुकर देतात कुठे?"

फोरमन तिथल्या स्टुलावर बसला. प्रेशरचं काम तो बसून पहिल्यांदाच बघत होता.

घरी येऊन त्याने बेबीला फोन लावला.

"बेबी, त्या दिवशी कुकरमध्ये पाणी मी ओतलं होतं. भांडं न घालता. तुझ्या आईने नाही."

पलीकडे शाळेची घंटा वाजत होती. ती संपेपर्यंत बेबी थांबली.

"बाबा," ती म्हणाली. "किती पाठीशी घालणार तुम्ही तिला?"

"पाठीशी नाही गं. खरं सांगतोय. मीच ओतलं. बटणही मीच दाबलं."

"आई स्वतः म्हणाली ना माझ्यासमोर."

"ती म्हणाली. पण..."

"मला ठाऊक आहे, तुम्हाला करमत नाही. मलाही वाईट वाटतं. पण तिला परत आणायला तुम्ही स्वतःवर घेऊ नका असं. आयुष्यभर तिला सांभाळून घेतलंत. शेजारचे सगळे म्हणतात, नवरा असावा तर असा."

"कोण म्हणतं?"

"सगळे. आता तास आहे माझा, बाबा. रात्री बोलते."

फोन बंद झाला. आयुष्यात त्याने आधीच्या शिफ्टवर ढकललेल्या चुका कोणीही, कसलीही चौकशी न करता मान्य केल्या होत्या. ही एकच तो स्वतःच्या नावावर मागत होता, आणि ती मिळत नव्हती. वर त्याचं चारित्र्य सुधारलं होतं.

दुरुस्त झालेला कुकर पूर्वीसारखाच होता. फोरमन आता बटण दाबण्याआधी आत हात घालून भांडं चाचपायचा; मग झाकण लावायचा, आणि खात्री वाटेना म्हणून झाकण काढून पुन्हा चाचपायचा. डाळ शिजायची, बटाटे शिजायचे. सगळं दोघांपुरतं व्हायचं, कारण कपाला त्याहून कमी मोजायची सवय नव्हती. भात झाला की कुकर टीं टीं वाजायचा. फोरमन ओट्यापाशी उभा राहून वाट बघायचा. कोणीच विचारायचं नाही.

"भाताचा," एकदा तो आपणहून म्हणाला. पुढचं वाक्य त्याला एकट्याला म्हणता आलं नाही.

एक गोष्ट त्याला कळायला हवी होती. बायकोला खरंच वाटलं होतं का, की आपणच ओतलं? तिला तसं वाटलं असेल, तर ती आजारी होती, आणि जे झालं ते आज ना उद्या व्हायचंच होतं. आणि तसं वाटलं नसेल तर. या 'तर'च्या पुढे तो जात नसे. तिथून उठून तो भांडं घासायला घ्यायचा.

भेटायला जायचा दिवस आला तेव्हा त्याने कुकर लावला. भात केला, डाळ केली, गरम गरम डब्यात भरलं, डबा टॉवेलात गुंडाळला आणि बस पकडून गेला. फाटकावरच्या बाईने डबा उघडून वास घेतला.

"बाहेरचं चालत नाही आजोबा."

"बाहेरचं नाही. घरचं आहे."

तिला यातला फरक पटलेला दिसला. "पाचच मिनिटं हां," ती म्हणाली. "आणि ओळख दाखवली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मुलीलाही ताई, ताई करत होत्या."

लांबलचक खोलीत खाटांच्या दोन रांगा होत्या. बायको कडेच्या खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. केस कोणीतरी आखूड कापले होते. मांडीवर हात होते, आणि बोटं आपोआप हलत होती, मांडीवरच्या रिकाम्या जागेतून काहीतरी वेचत.

"आलात?" ती म्हणाली. "लग्न कुणाचं आहे हो?"

"लग्न? कुणाचंच नाही."

"मग एवढ्या बायका कशाला जमल्यात?"

"जेवायला," फोरमन म्हणाला.

तिला ते पटलं. तो शेजारी बसला. डबा उघडला, झाकणात भात वाढला, वर डाळ घातली. वाफ निघाली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी मान उंचावून वास घेऊ लागली. बायकोने घास उचलला, तोंडाशी नेला, आणि हात तिथेच थांबवून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी टेबलापाशी पाहिलं होतं तसंच, सावकाश.

"आत भांडं घातलं होतंत ना?" तिने हळूच विचारलं. आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

झाकणाच्या कडेवरून डाळ फोरमनच्या पँटवर सांडली. ती पुसावी असं त्याला वाटलं नाही.

"हो," तो म्हणाला. "घातलं होतं."

"मग ठीक आहे."

तिने घास खाल्ला. दुसरा खाल्ला. भात कसा झालाय ते सांगितलं नाही, कारण तेवढ्यात बहुधा ते विसरली होती, किंवा नसेलही. पण 'हिला काही आठवत नाही' असं म्हणण्याची सोय आता त्याला उरली नव्हती.

तिसऱ्या घासाला तिचं चावणं थांबलं. तिने तोंडात बोट घातलं आणि एक बारीक खडा काढला. घरच्या तांदळात खडे परत मिसळायची त्याची सवय सुटली नव्हती, आणि ते निवडायला घरी कोणी नव्हतं. तिने खडा उजेडात धरून पाहिला. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा. मग त्याचा हात ओढून घेतला, बोटं उघडली आणि खडा तळहाताच्या मधोमध ठेवला.

"वाटीत टाका," ती म्हणाली. "उद्या लागेल."

फाटकावरची बाई आली, वेळ झाली म्हणाली. फोरमनने डब्याचं झाकण एका हाताने लावलं, टॉवेल एका हाताने गुंडाळला. बसमध्येही तो एकाच हाताने दांडी धरून उभा होता. कंडक्टरने जागा दाखवली, तरी बसला नाही. दुसऱ्या हाताची मूठ त्याने घरापर्यंत उघडली नाही.